कैरीच्या खारातले बटाटे

माझे वडील नगरच्या लष्करी भागातल्या एका मेसमध्ये स्वयंपाकी होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आमचं घर केडगावात, दोन खोल्या आणि पुढं थोडंसं अंगण. दादा पहाटेच सायकल काढायचे आणि सगळं शहर ओलांडून पार पलीकडच्या टोकाला कॅम्पात जायचे. मेसमध्ये ते पांढरा कोट आणि पांढरी टोपी घालून उभे राहत. घरी मात्र त्यांना स्वयंपाकाच्या खोलीत मज्जाव होता. "दिसभर तितं उभंच असता. हितं तरी बसा," असं आई म्हणायची. म्हणायची काळजीनंच, पण त्या खोलीत दुसऱ्या कुणाचा हात चालवून घ्यायची तिची तयारीही नव्हती.

आईचं माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू मुलखातलं. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला कोपरगावकडं जायचे आणि लग्न होईपर्यंत तीही त्यांच्याबरोबर जायची. फडाच्या कडेला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, आणि उन्हाळा लागेपर्यंत तेच घर. भाजी महिनामहिना नजरेला पडायची नाही. पहाटे केलेल्या भाकरीबरोबर दुपारी खायला एकच गोष्ट असायची, लोणचं. माझी आजी गावाहून निघताना चिनीमातीच्या दोन बरण्या गोधडीत गुंडाळून घ्यायची आणि गाडीत बसल्यावर त्यातली एक आईच्या मांडीवर द्यायची. "बरणी फुटली तर वरीस फुटलं," असं आजी म्हणायची म्हणे. त्यामुळं लोणचं हा आईच्या लेखी तोंडी लावण्याचा पदार्थ कधी नव्हताच.

दरवर्षी चैत्र-वैशाखात ती दोन प्रकार घालायची. वाऱ्यानं पडलेल्या, कोय न धरलेल्या बारक्या कैऱ्या अख्ख्याच मिठाच्या पाण्यात, आणि दुसरी भोकरं. भोकर म्हणजे बोराएवढं हिरवं, आतून चिकट फळ. ते फोडायचं, मीठ लावलेल्या काडीनं त्याची बी काढायची, मग खारात सोडायचं. तेल नाही, मसाला नाही. महिनाभरानं बरणीचं फडकं सोडलं की जो वास यायचा, त्यानं माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या जिभेच्या कडा आपोआप आक्रसायच्या.

मी पाचवीत असेन. दादांची सुट्टी मंगळवारी असायची. एका मंगळवारी आम्ही शाळेतून आलो तर दादा स्वयंपाकाच्या खोलीत आणि आई दारात उभी. हे दृश्य इतकं नवलाचं होतं की आम्ही दप्तरं न काढताच बघत राहिलो. दादांनी बटाटे उकडले होते. त्यांच्या एकसारख्या फोडी केल्या होत्या, बारीक कांदा चिरला होता, दोन अंडी उकडून कुस्करली होती. मेसमध्ये यात अंड्याचं आणि तेलाचं पांढरं दाट मिश्रण घालत. ते घरी कुठलं? दादांनी दही फडक्यात टांगून चक्का केला होता.

"याला सॅलड म्हणतात," दादा म्हणाले. "साहेबलोक मटणाच्या शेजारी घेतात."

आईनं एक फोड तोंडात टाकली. बराच वेळ चावली. "हे आजाऱ्याचं जेवान हाय," ती म्हणाली. "गार, पांढरं आन् अळणी. तुमचे सायेब समदे आजारी हायत का?"

भाऊ हसला. मी दादांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता, पण ते खरं तेच बोलले. "मेसमध्ये यात बारकी काकडी घालतात. बोटाएवढी. आंबट पाण्यातली, बाटलीत येते. ती नाही म्हणून."

आई आत गेली. बरणीतून तिनं चार कैऱ्या आणि मूठभर भोकरं काढली, विळीवर बारीक चिरली आणि पातेल्यात टाकली. मग पळीभर खार वरून ओतला. थोडी मोहरी पाट्यावर घेऊन पाण्याचा हबका मारत फेसली, इतकी की आमच्या नाकातून पाणी आलं. तीही घातली. कालवून तिनं पातेलं दादांपुढं सरकवलं.

दादांनी खाल्लं. मी आजही डोळे मिटले की तो चेहरा मला दिसतो. आधी भुवया वर गेल्या, मग एक डोळा बारीक झाला.  वाटी संपल्यावर पुन्हा पुढं केली.

तेव्हापासून मंगळवार हा 'सलाटा'चा वार झाला. सॅलड आईच्या तोंडात बसलं नाही, तिनं त्याचं सलाट केलं आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. हळूहळू दोघांची वाटणी ठरली. बटाटे, कांदा, अंडी दादांची. खार, मोहरी, मीठ आईचं. दादांनी तिला एक गोष्ट शिकवली, बटाटा गरम असतानाच आंबट घालायचं म्हणजे तो ते पितो, गार झाल्यावर घातलं तर नुसतं वरून ओघळतं. आईनं ते मान्य केलं. एरवी स्वयंपाकातलं दुसऱ्याचं म्हणणं तिनं मान्य केल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या घरांतून वाट्या यायच्या. कुणाला चपातीत गुंडाळून हवं असायचं, कुणाला नुसतंच. आम्ही दोघं भावंडं पातेल्याच्या बुडाशी राहिलेल्या खारात भाकरीचा तुकडा बुडवण्यावरून भांडायचो.

पुढच्या वर्षी मेसमध्ये एका मोठ्या साहेबांची बदली झाली आणि निरोपाचं जेवण ठरलं. यादीत सॅलड होतं. सकाळी पाहतात तर काकडीच्या बाटल्या आलेल्याच नाहीत. दादा ऐन अकराच्या उन्हात सायकल मारत घरी आले. आई अंगणात धुणं धूत होती.

"बरणी कुठंय?"

"कशाला?"

"मागनं सांगतो."

स्टीलच्या डब्यात कैऱ्या, भोकरं आणि खार भरून, ओलं फडकं बांधून, डबा कॅरिअरला लावून ते आल्या पावली गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं ते असं की, सॅलड आधी संपलं आणि मटण उरलं. मेस सांभाळणाऱ्या साहेबांनी आत बोलावून हात मिळवला. आईनं विचारलं, "काय म्हनले?" दादा म्हणाले, "लई आवडलं म्हणाले." त्यानंतर दर महिन्याला डबा जाऊ लागला. आईनं त्या उन्हाळ्यात दोन बरण्या जादा घातल्या. मला तिच्याबरोबर भोकरं फोडायला बसवलं. बोटं चिकट व्हायची, मिठानं झोंबायची, पण आई त्या दिवसांत गुणगुणायची. ती कधी गुणगुणत नसे म्हणून ते ध्यानात राहिलं.

मग एका संध्याकाळी मेसमधले दादांचे एक सोबती काही निरोप द्यायला घरी आले. दादा बाहेर गेले होते. आईनं चहा टाकला. चहा पिता पिता ते गृहस्थ म्हणाले, "वहिनी, उस्तादांच्या हाताला काय चव आहे! आम्हाला वाटायचं सॅलड तेवढं येतं. पण लोणचंसुद्धा स्वतःच घालतात म्हणे. साहेबांना तसं सांगितलं त्यांनी."

आईनं विचारलं, "असं सांगितलं?"

"हो तर. आजोबांच्या हातची कृती म्हणाले."

आईनं त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला. ते गेल्यावर कपबशी विसळली. मग स्टुलावर चढून खाराच्या सगळ्या बरण्या तिनं एकेक करून माळ्यावर ठेवल्या. दादा आले, त्यांनी फळी रिकामी पाहिली.

"बरण्या कुठं गेल्या?"

"वर हायत. ज्यानं घातल्या त्यानं काढाव्या," आई म्हणाली.

दादा जागच्या जागी उभे राहिले. माळा त्यांच्या हाताला पोचत होता. पण त्यांनी बरणी काढली नाही.

त्या महिन्यात डबा गेला नाही. मंगळवारी सलाट झालं नाही. आई बोलायची, पण कामापुरतं, "पानी तापलंय", "दळन आना" एवढंच. दोन-तीन आठवडे असे गेले असतील. एका मंगळवारी दुपारी मी आतल्या खोलीत गणितं सोडवत होते आणि बाहेर दादा बोलायला लागले. मी पेन्सिल थांबवली.

"साहेबांनी विचारलं, हे लोणचं कुठलं. मी घरचं म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. शेजारी हेडकुक उभा होता. तिथं मी कोट घालून असतो तोवर सगळे उस्ताद म्हणतात. माझं घर कुणी विचारत नाही. घरचं म्हटलं असतं, तर घर विचारलं असतं."

 आई म्हणाली, "इचारू द्या की. घराला काय झालंय आपल्या?"

तिचा आवाज चढला.

"तुमच्या वडलांनी धम्म घेतला, तवा घर लपवायला घेतला व्हता का? मी फडात ऱ्हायले. आमी त्या कोपीत मानसं बोलवून जेवू घातली. ज्याला न्हाई खायचं त्यानं खाऊ न्हाई. पर माझ्या हातचं ते तुमच्या आजाच्या नावावर कशापाई?"

आमचं घर बौद्ध आहे, हे मला अर्थातच ठाऊक होतं. पौर्णिमेला आम्ही विहारात जायचो, खीर व्हायची. पण कोट घालून उभ्या असलेल्या माझ्या वडिलांना कुणाची तरी अशी भीती वाटते, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. मी वहीवर डोकं ठेवून पडून राहिले. रडू येत होतं ते दादांसाठी की आईसाठी, सांगता आलं नसतं.

पुढच्या मंगळवारी दादा सकाळीच मार्केट यार्डात गेले आणि पिशवीभर कैऱ्या घेऊन आले. हंगाम सरत आला होता, कैऱ्या काही तेवढ्या बारक्या नव्हत्या. त्यांनी पिशवी आईपुढं ठेवली आणि समोर मांडी घालून बसले. म्हणाले, "शिकव."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. "खरंच घालनार?"

"सांगितलंय ना तसं. मग यायला पाहिजे."

ती हसली नाही, पण पदर खोचून बसली. कैऱ्या धुवायच्या, पुसायच्या, सावलीत कोरड्या करायच्या. पाणी उकळून पूर्ण गार करायचं. मीठ किती, तर पाण्यात कैरी नुसती तरंगून चालत नाही, बोटानं दाबल्यावर ती सावकाश वर यायला हवी, तेवढं. वर धुतलेला दगड. आणि बरणीत ओला हात घालायचा नाही, काही झालं तरी. दादांनी वीस वर्षं मोठमोठे हंडे सांभाळले होते, पण त्या दिवशी ते शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते.

पंधरा दिवसांनी बरणी उघडली तर वर पांढरा तवंग आणि खाली मऊ पडलेल्या कैऱ्या. कधीतरी घाईत त्यांनी ओला हात घातलाच होता. आईनं बरणी अंगणात नेऊन वास घेतला आणि इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. दादाही हसले. त्या दिवशी दुपारी आईनं स्वतः माळ्यावरची एक बरणी खाली काढली.

त्यानंतरच्या जेवणाला दादांनी साहेबांना सांगितलं. घरी येऊन त्यांनी आम्हाला जसंच्या तसं करून दाखवलं. कोट नीट केल्यासारखं केलं, हात मागं घेतले आणि म्हणाले, "साहब, यह अचार मेरी घरवाली डालती है. मुझे नहीं आता. मैंने डाला था, सड़ गया. केडगाँव की बौद्ध बस्ती में घर है मेरा."

"मंग? मंग काय झालं?" आई चुलीपुढून उठून आली होती.

"काही नाही झालं," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा नवल जास्त होतं. "साहेब बोलले, अच्छा. आणि आणखी घेतलं."

अगदीच काही झालं नाही असं नाही. हेडकुकनं त्या दिवसापासून सॅलड चाखायचं सोडलं. मीठ पाहायचं झालं की तो दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचा. दादा निवृत्त होईपर्यंत ते तसंच चाललं. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मीठ जास्ती झालं तर त्यालाच बोलनी बसतील, आपलं काय जातंय." पण दादांना ते लागायचं. कधी कधी जेवताना ते मधूनच म्हणायचे, "आजपण नाही चाखलं." त्यावर आई त्यांच्या ताटात खारातली एक कैरी वाढायची.

त्या हिवाळ्यात मेसमध्ये बडाखाना होता, म्हणजे सगळ्यांनी कुटुंबासह एकत्र जेवायचा दिवस. आम्ही चौघं टेम्पोनं गेलो. आईनं निळं लुगडं नेसलं होतं. हिरवळीवर लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, आणि काचेच्या मोठ्या भांड्यात आमचं सलाट, वर मुळ्याचं कोरलेलं फूल. आईनं भांड्यात वाकून पाहिलं आणि दादांना म्हणाली, "फोडी बारीक झाल्यात." चमचे होते, तरी ती हातानं जेवली. मी चमच्यानं जेवायचा प्रयत्न केला आणि फ्रॉकवर सांडवलं.

जेवण होत आलं तेव्हा एक बाई आमच्याकडं आल्या. साहेबांच्या पत्नी. त्यांनी आईला हिंदीत विचारलं, हे कसं करता. आईला हिंदी समजायचं, बोलता यायचं नाही. ती मराठीत सांगू लागली आणि दादा शेजारी उभे राहून हिंदी करू लागले. कैऱ्या वाऱ्यानं पडलेल्याच घ्या. हां, हवा से गिरी हुई. पाणी उकळून गार करा. मीठ असं. दगड असा. आजूबाजूच्या आणखी दोघी-तिघी बायका थांबल्या. दादांच्या सोबत्यांपैकीही कुणी कुणी ऐकत होतं. कोऱ्या कागदावर साहेबांच्या पत्नी लिहून घेत होत्या.

"आन् हात कोरडा पायजे," आई म्हणाली. "यांनी वला हात घातला व्हता. समदी बरणी नासली. तेबी सांगा."

 दादांनी तेही सांगितलं, एक शब्द न गाळता. बायका हसल्या. दादा सगळ्यांत जास्त हसले. पुढं कित्येक वर्षं घरी पाहुणे आले की आई हा प्रसंग सांगायला लावायची आणि प्रत्येक वेळी दादांनी हिंदीतच सांगायचं असा तिचा आग्रह असायचा.

दादा जाऊन आता सहा वर्षं झाली. मी सोनईला शाळेत शिकवते. आई माझ्याकडं असते. केडगावचं घर भावानं वाढवून बांधलं, तिथं आता गाड्यांचा इतका राबता आहे की अंगणात वाळवण घालणं शक्य नाही. माझ्या मुलीच्या पुण्यातल्या फ्रीजमध्ये त्या बोटाएवढ्या काकड्यांची बाटली असते. मी तिच्याकडं गेले असताना तिनं एकदा त्या घालून सॅलड केलं. वाईट नव्हतं. पण खाताना मला मंगळवारची दुपार आठवत राहिली, दारात उभी असलेली आई, विळीचा आवाज, नाकात गेलेली मोहरी, आणि पातेल्यावर एकत्र वाकलेली दोन डोकी. आपण त्या वेळी फक्त भूक लागली म्हणून तिथं घुटमळत होतो असं वाटायचं. खरं तर आईदादांना एका भांड्यात हात घालताना बघायला मिळायचं, म्हणून आम्ही तिथून हलत नव्हतो.

यंदा आईच्या हाताला कंप सुटला आहे. उन्हाळ्यात ती खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "तू घाल." पन्नाशीला आलेली मी, आजवर भोकरं फोडली, बरण्या पुसल्या, पण खार कधी माझ्या हातानं केला नव्हता.

"मीठ किती?" मी विचारलं.

"कैरी दाबून बघ. ती सांगंल."

मी दाबली. कैरी वर आली. सावकाश आली की पटकन, ते मला ठरवता येईना. आणखी मूठभर मीठ टाकलं. आई बघत होती.

महिन्यानं एका रविवारी मी सलाट केलं. बटाटे गरम असतानाच खार घातला, मोहरी मिक्सरला न लावता खलबत्त्यात फेसली, चक्का, अंडं, कांदा. वाटी आईच्या हातात दिली. तिनं घास घेतला, डोळे घट्ट मिटले.

"खारट झालं?"

"लई," आई म्हणाली.

"टाकून देऊ?"

"टाकतीस कशाला? कैरी कडक ऱ्हायलीय, वास चांगला हाय. बटाटे कमी पडले." तिनं वाटी माझ्याकडं परत दिली. "अजून शिजव चार."

मी कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत आई तिथंच खुर्चीवर बसून राहिली, आणि पहिले बटाटे निवले म्हणून मला दोनदा रागावली.